डावी प्लेट

नजरचूक? — हा शब्द तुमचा की साहेबांचा? साहेबांचाच असणार, तुमच्या तोंडात तो नीट बसत नाहीये. बसा, पाहुणे. तुम्हालाही साहेब म्हटलं तर इथे दोन साहेब होतील आणि मला एकच पुरे आहे, म्हणून पाहुणे. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटपटतो, हे स्टूल घ्या. आणि पिशवीतली ती प्लेट काढा बाहेर, ठेवा इथे कीबोर्डच्या बाजूला — फडक्यात कशाला गुंडाळून आणलीत, चोरीचा माल आहे का? माझीच प्लेट आहे ही. म्हणजे कापली मशीनने, पण कॉम्प्युटरवर काढली मी. तुमची कंपनी पलंग बनवते, आजाऱ्यांचे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचे, त्या पलंगांच्या कठड्यांना ह्या प्लेटा लागतात आणि त्या आम्ही करून देतो. ह्या खेपेला सगळ्या डाव्या कठड्यांवर स्क्रूची डोकी वर आलीत. आणि एका आजींचा हात त्यावर घासून फाटला. ठाऊक आहे मला, सकाळीच कळलं. फोटो नका दाखवू. — नंतर बघीन. आत्ता नको म्हटलं ना!

आवाज चढला का माझा? चढू द्या. काचेपलीकडे एवढी यंत्रं ओरडतायत, त्यात माझं काय ऐकू जाणार. तो निळा शर्ट, मोठ्या मशीनवर वाकलेला — ते साहेब. त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल, आत बाई बसल्यात, जा, त्या सांगतील कशी नजरचूक झाली ते. सांगते ना. सांगायलाच बसलेय. पण सांगताना हात थांबवणार नाही, कारण आज डावी प्लेट कापायला गेली नाही तर तुमचे उरलेले पलंग तसेच पडून राहतील, आणि डावीची फाईल कॉम्प्युटरमध्ये नाहीये. का नाहीये? — ते राहू द्या. नाहीये, म्हणून नव्याने काढतेय. तुम्ही लिहा तुमचं, पेन काढलंच आहे तर. फक्त लिहायच्या आधी एकदा स्क्रीनकडे बघा. कोणी बघतच नाही, सगळे नुसते विचारतात झालं का, झालं का.

हा स्क्रू हातात घ्या. डोकं बघा त्याचं — वर सपाट, खाली निमुळतं होत गेलेलं, भोवऱ्यासारखं. असा स्क्रू प्लेटच्या पोटात बसला पाहिजे, वरून बोट फिरवलं तर कळता कामा नये की इथे स्क्रू आहे. त्यासाठी भोकाची कड तिरकी छाटतात, त्याला आम्ही काउंटर मारणं म्हणतो. गोल भोकाला काउंटर मारायला काही अक्कल लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तयार बटण आहे, स्क्रूचं माप निवडा, क्लिक करा, संपलं. पण तुमच्या कठड्याला गोल भोक चालत नाही. का नाही चालत? कारण तुमच्या पलंगाची चौकट वेल्डिंगची आणि एक चौकट दुसरीसारखी असेल तर शपथ! — हसू नका, मी पाहिलेत तुमचे पलंग, फूटपट्टी लावून पाहिलेत. कठडा थोडा पुढेमागे सरकवल्याशिवाय बसतच नाही. म्हणून लांबट भोक लागतं, स्लॉट. आणि स्लॉटला काउंटर मारायचं तयार बटण ह्याच्यात नाही. इथे भल्याभल्यांची फजिती होते. कोणी काय करतं, दोन टोकांना दोन गोल काउंटर टाकतं आणि मधलं तसंच सरळ कापून मोकळं होतं. दिसायला छान. स्क्रू टोकाला असेपर्यंत ठीक, जरा मध्ये सरकवा की डोकं वर! मग स्लॉट केला कशासाठी? सरकवायचंच नव्हतं तर भोक काय वाईट होतं?

मी काय करते, बघा. आधी साधा स्लॉट, आरपार. मग त्याची फक्त वरची कड पकडायची — वरची, हां, खालची नाही, ह्यालाच म्हणतात लक्ष — आणि ती चहूबाजूंनी सारखी छाटायची. आता हे कोन विचारतंय. स्क्रूच्या पाकिटावर कोन लिहिलेला असतो तो पूर्ण, ह्या उतारापासून त्या उतारापर्यंत. हे मागतं अर्धा, एकाच बाजूचा. पूर्ण टाकला की लाल होतं आणि रुसून बसतं. आणि छाटत छाटत तळापर्यंत जायचं नाही, खाली थोडी सरळ भिंत ठेवायची. नाही ठेवली तर ती कड सुरीच्या पात्यासारखी होते आणि स्क्रू आवळला की दुमडते. कोणी शिकवलं नाही मला हे. कोर्समध्ये गोल भोकापर्यंतच शिकवतात, पुढचं आपलं आपण. घरी ताट पुढ्यात असतानासुद्धा मी साहेबांना हेच — म्हणजे, घरी जेवताना माझ्या डोक्यात हेच चालू असतं, असं म्हणत होते मी. काही नाही. पुढे बघा.

तर एवढं बघणारी बाई, खालची कड की वरची कड हे बघणारी बाई, नजरचूक करेल? सांगा ना. — तुम्ही म्हणता, पण झाली आहे, प्लेट समोर आहे. हो, आहे. पण ह्या प्लेटमध्ये काय चुकलंय ते कळलंय का तुम्हाला? नाही कळलेलं. मान डोलावू नका, कळलं नाही की माणूस अशीच मान डोलावतो, घरात — कुठेही. पेन ठेवा खाली. हात पुढे करा. दोन्ही. लाजताय काय, मी हात बघून भविष्य नाही सांगणार. तळवे वर. हं. आता उजव्या हाताचा अंगठा बाहेर, उजवीकडे. डाव्याचा डावीकडे. आता उजवा हात पालथा करा. अंगठा कुठे गेला? डावीकडे! नुसता आकार बघितला तर थेट डावा हात, चांगला डोळससुद्धा फसेल. पण तळवा कुठाय? तळवा गेला खाली. काउंटर म्हणजे हा तळवा, पाहुणे. स्क्रू वरून येणार, त्याचं डोकं तळव्याच्या खळग्यात बसायचंय, आणि वर काय आलंय — हाताची पाठ. मग डोकं बसणार कुठे? उभंच राहणार. डाव्या कठड्यांना तुमच्याकडे उजव्या प्लेटा पालथ्या करून लावल्यात. कारण डाव्या प्लेटा मुळात आल्याच नाहीत. इथून गेल्याच नाहीत. खोक्यात सगळ्या उजव्याच होत्या.

पूर्वी हे चालायचं. तुमचे जुने स्लॉट साधे होते, पुढून-मागून सारखेच, तेव्हा एकच प्लेट दोन्हीकडे लागायची — पालथी कर, लाव. सगळा कारखाना इतकी वर्षं तेच करत आला, त्यात कोणाचं काही चुकत नव्हतं. पण ज्या दिवशी काउंटर आला त्या दिवसापासून प्लेटला डावं-उजवं आलं, चपलेला असतं तसं. म्हणून मी दोन फायली केल्या होत्या. एक उजवी, एक डावी. नावं घालून. — होत्या म्हणजे होत्या. मग डावीचं काय झालं? ते मला नका विचारू. विचारू नका म्हणतेय ना, पाहुणे, मी सकाळी कबूल केलंय एका माणसाला की मी काही बोलणार नाही. तुम्ही लिहा, नजरचूक. लिहा, बाईंची नजरचूक. घ्या, म्हटलं मी माझ्या तोंडाने, झालं समाधान? झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त निष्काळजीपणा लिहू नका. नजरचूक हा लहान शब्द आहे, तो मी गिळीन. निष्काळजीपणा नाही गिळता येणार.

काय? — पुन्हा बोला, मशीनच्या आवाजात नाही आलं ऐकू. कारवाई झाली म्हणून लिहायचंय? कसली कारवाई? कोणावर? — काढलं? कोणाला काढलं? — मला?

कोण म्हणालं? आत्ता? इथे यायच्या आधी, त्या मशीनपाशी उभं राहून? काय शब्द होते त्यांचे, नेमके शब्द सांगा. 'बाईंना आजपासून कामावरून कमी केलंय, तुमच्या कंपनीला तसं कळवा आणि पुढची ऑर्डर थांबवू नका.' असं. असं म्हणाले. आणि तुम्ही बरं म्हणालात. आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडून इथे नजरचूक वदवून घ्यायला — नाही, तुमचा काय दोष, तुम्हाला ज्यानं त्यानं जे सांगितलं ते तुम्ही लिहिताय. थांबा जरा. मला पाणी पिऊ द्या.

तो निळा शर्ट दिसतो ना? तो शर्ट सकाळी मी इस्त्री केलाय. — कळलं? नाही कळलं. माझा नवरा आहे तो, पाहुणे! लग्नाचा नवरा. तुमच्या कंपनीला इतक्या वर्षांत पत्ता लागला नाही ना? लागणार कसा, त्यांचा नियमच आहे. कारखाना काढला त्या दिवशी मला म्हणाले, ह्या दाराच्या आत नातं नको, कामगार डोक्यावर बसतात, बाहेरचे लोक हसतात. आत मी साहेब, तू बाई. मी म्हटलं बरं. मलाही गंमत वाटली तेव्हा. सकाळी एकाच गाडीवरून यायचं, वाटेत अहो-अगं, आणि ह्या दारात पाय ठेवला की 'गुड मॉर्निंग, बाई.' संध्याकाळी दार ओढलं की पुन्हा 'अगं, भाजी घ्यायचीये का?' कामगारांना सगळं ठाऊक, तेही हसू दाबत साहेब-बाई करतात. मला वाटायचं, ह्यात एक मान आहे. इथे मी कोणाची बायको म्हणून बसलेली नाही, कामावर बसलेली आहे. इतकी वर्षं मी तो मान समजत होते — आणि त्याचा उपयोग शेवटी कशाला झाला? तर बायकोला काढता येत नाही, बाईला काढता येतं!

हो, आता सगळं सांगते. कबूल केलं होतं ते नजरचुकीचं, ह्याचं नाही. मी लेकीकडे गेले होते, तिचं नवं घर लावायला. दोन्ही फायली तयार ठेवून गेले होते. जाताना सांगूनही गेले, उजवी आणि डावी, दोन्ही पाठवायच्या. तुमचा फोन आला असेल, प्लेटा कधी, प्लेटा कधी. तर हे बसले इथे, ह्याच खुर्चीत, दोन बोटांनी कीबोर्ड बडवत. समोर दोन फायली, दोन्हीत प्लेट, दोन्ही दिसायला सारख्या. म्हणाले असतील, बाईंचं आपलं काहीतरी, एकच गोष्ट दोनदा काढून ठेवलीये. डावी टाकली पुसून. उजवीची संख्या केली दुप्पट. आणि पाठवली कापायला. मी परत आले तेव्हा खोकी भरून गाडीत चढली होती, मला एका शब्दाने बोलले नाहीत. वाईट माणूस नाहीये हो तो. त्या हातांना लोखंड बोटाने कळतं, मशीनचा आवाज बदलला की झोपेतून उठून सांगतील काय बिघडलं. पण आयुष्यभर प्लेट पालथी करून लावलेला माणूस, त्याला वाटलं पालथी केली की डावी होते. मी असते तर एका मिनिटात हात पालथा करून दाखवला असता, तुम्हाला दाखवला तसा. विचारायचं नाही, हीच खोड. बाईंना विचारायचं म्हणजे साहेबांना कमीपणा येतो.

आणि सकाळी, आज सकाळी, मी डबे भरत होते, तर दारात उभे राहून म्हणाले, 'अगं, ती डावी मीच पुसली होती, मला काय माहीत.' माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मग म्हणाले, 'पण मी त्यांना तुझं नाव सांगितलंय. माझं सांगितलं तर मालकच अडाणी ठरतो, मग कोण काम देईल? तुझं सांगितलं तर नजरचूक, विषय संपला. आपण दोघं काय वेगळे आहोत का?' आणि मी हो म्हटलं. हो म्हटलं, पाहुणे! आपलेच दात, आपलेच ओठ. डब्याला झाकण लावलं आणि गाडीवर मागे बसून आले. वाटेत म्हटलं जाऊ दे, एवढासा शब्द, नजरचूक. तेव्हा कुठे सांगितलं त्यांनी की काढणार म्हणून? काचेच्या पलीकडे सांगायचं, परक्या माणसाला. माझी खुर्ची, आणि मला तुमच्याकडून कळतंय. मी समजा रडले असते ना, तर म्हणाले असते, अगं नावापुरतं गं, दोन-चार महिने घरी बस, तसंही तुला घरी काम आहेच. मला पाठ आहे ते कसं म्हणतील ते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आणि वर म्हणायचं, लागलं का गं?

आणि तुम्ही — तुम्हाला बरं सोडेन मी! तुमच्याकडे ज्यांनी ह्या प्लेटा बसवल्या, त्यांना दिसलं नाही डोकं वर आलंय ते? बोटाला कळलं नाही? डावीकडचा प्रत्येक स्क्रू डोळे वटारून बघत असणार, आणि तुम्ही आवळून, पुसून, चादर घालून पाठवूनही दिलेत. तिथे कोणाला काढलंत? कोणालाच नाही. मग इथलं एक नाव हवं, इथल्या एका माणसाची मान हवी, म्हणजे तुमचा कागद पुरा होतो. बरोबर? बघा, आता कसे प्लेटकडे बघत बसलात.

द्या तो फोटो. द्या, आता बघते.

— कोपराच्या खाली. हो. अगदी तिथेच लागतं. कुशीवर वळताना माणूस कठड्याला धरतो आणि हात खाली घसरतो, तेव्हा तिथेच लागतं. तुम्हाला सांगते, ह्या काउंटरची मागणी तुमच्या कंपनीने केलीच नव्हती. तुम्हाला साधे स्लॉट चालत होते. काउंटर हवा म्हणून मी भांडले — ह्यांच्याशी, जेवण सोडून भांडले, काम वाढतं म्हणत होते. का भांडले? कारण माझी आई शेवटी असल्याच पलंगावर होती. तुमचाच असेल, नसेल, सगळे सारखेच. म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, पाहुणे, चिमटीत धरायची भीती वाटते. कठड्यावरच्या स्क्रूला तिचा हात लागायचा, पुन्हा तिथेच, भरत आलेलं पुन्हा फाटायचं. ती बोलायची नाही काही. मी पट्टी बांधत बसायचे आणि त्या स्क्रूच्या डोक्याकडे बघायचे, मला वाटायचं, कोणी काढलंय हे, कोणाच्या टेबलावर झालंय हे, त्याला एकदा समोर बसवावं. आणि आता ह्या आजींची लेक कुठेतरी पट्टी बांधत बसली असेल आणि तिला तुम्ही काय कळवणार — ज्या बाईनं हे काढलं तिला आम्ही काढून टाकलंय! माझं नाव जाणार तिच्याकडे. माझं!

नाही, मी ठीक आहे. रागाने पाणी येतं माझ्या डोळ्यांत, दुसरं काही नाही. ऐका, एक काम आजच करा, हे लिहून घ्या आधी, बाकी सगळं नंतर: जिथे जिथे ते पलंग गेलेत तिथे फोन करा आणि डाव्या कठड्यांवर जाड कापड गुंडाळायला सांगा, स्क्रूवर दोन-तीन वेढे, घट्ट. नवी प्लेट येईपर्यंत. कोणाच्या हाताला आणखी लागायला नको. लिहिलंत? बरं.

आता ही बघा डावी. शेवटचा स्लॉट राहिलाय. तुम्ही विचाराल, उजवी आहे ना, मग आरशात धरल्यासारखी तिचीच डावी नाही का निघत? निघते. कमांड आहे, एका क्लिकचं काम. पण मी तशी काढत नाही. तशी काढलेली डावी उजवीला बांधलेली राहते. उजवीत कोणी हात घातला की हिच्यात आपोआप बिघाड, हिला विचारायलाही कोणी येत नाही. म्हणून ही वेगळी, पहिल्या रेघेपासून. आईशप्पथ, इतकी नीट आजवर काढली नसेल मी.

काय लिहू म्हणता? मघाशी तर तयार होतात. आता का अडलात? — माझं ऐकून कसं लिहिणार, हो, तेही खरं, मी बायको, मी काहीही बोलेन. मग मी नाहीच सांगत. ज्यांनी पुसली ते सांगतील. थांबा, काच वाजवते. — नाही बघणार. बघून न बघितल्यासारखं करतायत. दार उघडा ते, पाहुणे, सताड उघडा.

अहो! — अहो! ते मशीन बंद करा आणि आत या!

बघा. कसं सगळं थांबलं. कोणी ऐकलंच नव्हतं ना ह्या दाराच्या आत 'अहो'. या. हात पुसा आधी, ते फडकं नको, तेलकट आहे, हे घ्या. — बाई नाही. बाई-बाई करू नका आत्ता, ह्यांना सगळं ठाऊक झालंय. हो, मी सांगितलं. डोळे मोठे करायचं घरी करा. हे विचारतायत, चूक कोणाची म्हणून लिहू. मी मध्ये बोलणार नाही. तुम्ही सांगाल तेच हे लिहितील, आणि मीही तेच खरं म्हणेन. काही बुडत नाहीये, अहो. म्हणा, मला डावी-उजवी लक्षात नाही आली. साध्या स्लॉटची सवय होती, गेली पुसून. कोणाचीही जाईल. ऑर्डर गेली तर गेली, दुसरी आणू, दोघं मिळून उभं केलंय हे, पुन्हा करू. मी आहे ना. — माझ्याकडे नका बघू, ह्यांच्याकडे बघून सांगा. दारात कामगार उभे आहेत म्हणून? असू देत. ऐकू देत.

सांगा.

— बाईंची.

बरं.

ऐकलंत, पाहुणे? लिहा. बाईंची. आणि ती कारवाई पण लिहा, ती खोटी नाही. बाईंना काढलं. — नाही, तुम्ही थांबा, तुमचं बोलून झालंय. बाई गेली, साहेब. आता ह्या खुर्चीत बसलीये ती तुमची बायको आणि तिला ह्यातलं काही येत नाही. तिला इस्त्री येते. डबा येतो. हा स्लॉट बाईला येत होता.

डावी? ही ना, झाली की. शेवटची कड आत्ताच छाटली, तुम्ही विचार करत होतात तेव्हा. बोट फिरवलं तर कळणार नाही अशी झालीये. आता बंद करते. विचारतंय बघा, पाहुणे, तुम्ही वाचा, मोठ्याने वाचा, साहेबांना चष्म्याशिवाय दिसत नाही — केलेले बदल ठेवायचे का.

नाही.

उठा आता. कापडाचे फोन तेवढे विसरू नका. आणि स्टूल आत सरकवा, पायात येतं.